वापरलेली पट्टी आणि दोन डावे कान

माझा एकच फोटो आजवर गावात लोकांसमोर लागला आहे, आणि त्यात मी ओळखू येत नाही.

आमचं गाव दिंद्रुडच्या जवळ. त्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. विहीर आटली, म्हैस चारा छावणीत गेली आणि घर माझ्या बायकोच्या, म्हणजे सुनंदाच्या पार्लरवर चालू लागलं. (मी गावच्या सहकारी दूध संस्थेचा संचालक होतो. गावात दूध नसताना दूध संस्थेचा संचालक काय करतो, हे मलाही कुणी सांगितलं नव्हतं.) सुनंदा अंबाजोगाईला राहून कोर्स शिकून आली होती. पुढच्या खोलीत आरसा, खुर्ची, एक बाकडं. पाऊस पडो न पडो, लग्नं काही थांबत नाहीत, त्यामुळे बाकड्यावर कायम नवऱ्या मुली बसलेल्या.

तिचा एक नियम होता. मेण लावायची लाकडी काडी, केस ओढायची कापडी पट्टी, अंगाखालचा कागद, हातमोजे, सगळं एका माणसाला एकदाच. मग थेट झाकणाच्या डब्यात! मला ते बघवायचं नाही. आमच्या घरात तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी दारातल्या लिंबाला. आंघोळसुद्धा परातीत बसून करायची, म्हणजे खाली साचलेल्या पाण्यात धोतर धुऊन निघायचं. अशा घरात चांगल्या धडधाकट पट्ट्या एकदा वापरून फेकायच्या म्हणजे काय?

"अगं, दोनदा वापरावं की. कोण बघायलंय?"

"अहो, केस उपटला की तितली कातडी उघडी पडती. एकीच्या अंगावरचं दुसरीच्या अंगात जातंय. बघायला कुणी लागत न्हाई, फोड आला की आपूआप दिसतंय."

"मग धुवून घे."

"पाणी द्या, धुती."

इथे आमचं संभाषण नेहमी संपायचं.

अशात संस्थेच्या चेअरमनची निवड जवळ आली. एकीकडे मी, दुसरीकडे उत्तमराव. उत्तमरावांचं आणि माझं लहानपणापासून एकाही गोष्टीवर एकमत नव्हतं. बॅनरसाठी फोटो काढायला मी इस्त्रीचा सदरा घालून बसलो, तर फोटोग्राफर कॅमेरा खाली करून म्हणाला, "नाना, औंदा रानात काय उगवलं न्हाई, पर तुमच्या कानावर लई पीक हाय!"

मी तडक पार्लरच्या दारात गेलो. सुनंदाच्या हातात एका नवरीचा हात होता.

"अगं, कानावरचे केस काढून दे. पाच मिनिटाचं काम."

"दोन नवऱ्या बसल्यात. उद्या या."

उद्याचा चेअरमन, आणि स्वतःच्या घरात त्याला नंबर! मी अपमान गिळून मागच्या पडवीत आलो. तिथे तो झाकणाचा डबा होता. आत सगळ्यात वर एक छोटी पिशवी, तोंडाला दोन गाठी मारलेली. आमच्याकडे दोन गाठी फक्त चांगल्या वस्तूला मारतात, बियाण्याला नाहीतर गुळाला. मी गाठी सोडल्या. आत एक पट्टी, आणि तिच्यावर मेण जवळजवळ तसंच! बघा, म्हटलं, ही उधळपट्टी!

चुलीवर तवा होता. पट्टी तव्यावर धरली, मेण मऊ झालं, डाव्या कानावर दाबली, डोळे मिटले आणि ओढली.

पुढच्या खोलीतल्या नवरीने विचारलं म्हणे, "काकू, तुमची म्हैस छावणीतून परत आली का?"

उजव्या कानाला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

दोन दिवसांनी उठलो तर डावा कान पुरीसारखा टम्म फुगलेला, वर पिवळे फोड. सुनंदाने आधी डॉक्टरला दाखवायला म्हणून मोबाईलवर कानाचा जवळून फोटो काढला आणि मग विचारलं, "काय केलंत?"

मी सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

"दोन गाठीची पिशवी?"

"व्हय."

"अहो, ती उत्तमभाऊजींची! मागच्या दारानं आलते, बॅनरच्या फोटूसाठी. पट्टी ओढली तवा कानामागं केसात दडलेला फोड दिसला. मी तितंच थांबले, दवाखान्यात धाडलं त्यांना, अन् पट्टी येगळी बांधून टाकली. कुणाचा हात लागू नये म्हणून गाठी मारल्या!"

"मला सांगायचंस तरी!"

"गिऱ्हाइकाचं कुणाला सांगायचं नसतंय," ती म्हणाली. मग एकदम खाली बसली. "आता हे भाईर गेलं तर? पार्लरातनं फोड आला म्हणत्याल. समद्या नवऱ्या माजलगावला जात्याल. मग खायचं काय?"

मला पहिल्यांदाच कान सोडून दुसरीकडे काहीतरी दुखलं. तिने नियम एकदाही मोडला नव्हता. मोडला मी, आणि बुडणार ती.

डॉक्टरने कान बघून गोळ्या लिहिल्या, पांढरी पट्टी बांधली आणि म्हणाला, "कानांची साथ आलीय का तुमच्या गावात?" मी मान खाली घालून आलो.

त्याच दुपारी संस्थेच्या शेडमध्ये सभा. मी भर उन्हाळ्यात मफलर गुंडाळून गेलो. समोर उत्तमराव, तेही मफलर गुंडाळून! लोक आळीपाळीने दोघांकडे बघू लागले. शेवटी म्हातारे बापू उठले आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी दोघांचे मफलर ओढले.

"आरं तिच्या! दोघांचाबी डावा कान! म्हंजे दोघांनीबी उजव्या हातानं हानलंय!"

"काहून भांडले बे?"

"टँकरवरून आसंल!"

एका नवरीची आई मागून ओरडली, "मी सांगते! मी पार्लरात बसलते, तवा नानाच्या घरातून आरोळी आलती!"

पुरावाही मिळाला! पण बाईचं डोकं पुढे चाललं. "का पार्लरातलंच काय बाधलं म्हनावं? आमच्या पोरीचं परवा लगीन हाय, तिचे हात तितंच केल्यात!"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात सुनंदा उभी होती. तिने पदर मुठीत घट्ट धरला होता. मी उठलो.

"पार्लरचा काय संबंध न्हाई," मी म्हणालो. "उत्तमरावनं मला हानलं."

उत्तमरावांनी माझ्याकडे पाहिलं. मागच्या दाराने पार्लरला जाणारा माणूस, त्याला अर्थ कळायला वेळ लागला नाही.

"व्हय, हानलं!" ते छाती काढून उठले. "अन् पयली मी हानली! त्यानं नुसती परत केली!"

(एवढं बोलायची काहीच गरज नव्हती.)

सभेत एकदम चैतन्य आलं. बापू म्हणाले, "जो पयली हानतो, त्यो तहसीलात जाऊन टँकर आनतो. चेअरमन उत्तमरावच!" सूचना बापूंची. अनुमोदन द्यायला माझ्याइतका जवळचा साक्षीदार दुसरा कुणी नव्हता, म्हणून ते मी दिलं.

नवरीचं लग्न लागलं, तिच्या हातावर साधी पुटकुळीसुद्धा आली नाही आणि पार्लर पहिल्यापेक्षा जोरात चालू लागलं. सुनंदा आता वापरलेली पट्टी कात्रीने बारीक कापूनच डब्यात टाकते. माझा बॅनर कधी छापला गेला नाही, पण तो कानाचा फोटो तिने मोठा करून आरशाशेजारी लावला. खाली लिहिलं, 'वापरलेली पट्टी पुन्हा वापरली तर'. आलेल्या बायका बघून शहारतात.

"काकू, खरंच असा येडा माणूस आसतो का?"

"पुस्तकातला फोटू हाय तो," सुनंदा म्हणते आणि आत हाक मारते, "अहो, चहा आणा."

मी चहा घेऊन जातो. उजवा कान पुढे करून.