सरळ पट्ट्या

मास्तरांनी हयातभर कोट शिवले. परक्यांची मापं घेताना दहादा विचारायचे, "खांद्यात आवळत नाही ना?" घरात मात्र विचारायची सवय नव्हती. दुकान बंद केल्यावर हात शिवशिवायला लागले, तेव्हा पुढच्या खोलीत लाकडी जमीन स्वतःच बसवायचं त्यांनी मनावर घेतलं. लेक म्हणाली, कारागीर बोलवू. "कापड काय न् लाकूड काय, जोडणं ते जोडणंच!" झालं, विषय संपला.

पट्ट्या आल्या आणि मांडणीचा खल सुरू झाला. मास्तर जेवणाच्या टेबलावर त्या मांडत आणि मोडत. विटांसारख्या झाल्या, चौकटी झाल्या, शेवटी माशाच्या काट्यासारख्या तिरप्या झाल्या. भारी कोटाच्या कापडावर असते तीच वीण! स्वारी विरघळली.

बायकोची नजर वर्षभरापासून विझत चालली होती. पुढच्या खोलीत खिडकीशी तिची खुर्ची होती. उन्हात बसून नुसत्या आवाजांवरून रस्त्यावर कोण आलं, कोण गेलं ते ती सांगायची. तिथवर कुणाचा हात न धरता जाता यावं, एवढाच तिचा हट्ट उरला होता.

"सरळच टाका हो," ती म्हणाली. "दारापासून खिडकीपर्यंत."

"अगं, सरळ तर कुणीही टाकतं! लोकांनी बघत राहिलं पाहिजे."

सरळच का, ते मास्तरांनी विचारलं नाही.

गुडघे सोलवटले, कंबर धरली, पण टोकाला टोक जुळलं आणि डिंकाने पक्कं बसलं. शेजारीपाजारी तोंडात बोटं घालून गेले. मास्तरांना आकाश ठेंगणं झालं.

मग बायको अनवाणी आली. अंगठ्याने सांध्याची खाच चाचपत निघाली. खाच डावीकडे वळली, तशी ती वळली. पुढे उजवीकडे वळली, मग परत डावीकडे. शेवटी ती कपाटावर आपटली. "माझंच चुकलं," म्हणून हसली, आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघरात बसू लागली.

"बाबा, तिला ती रेघ पायाने धरून जायचं होतं," लेकीने सांगितलं.

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"सरळ टाका म्हणाली होती की."

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. स्वतःची एवढी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती. पटाशी घेऊन ते खाली बसले. पहिलीच पट्टी ढलप्या उडवत तुटली. डिंक काही सुटेना. आवाज ऐकून ती चौकट धरून दारात उभी राहिली.

"अहो, कशाला मोडता? फार सुंदर झालंय म्हणतात सगळे."

हातातली पटाशी त्यांनी बाजूला ठेवली. तिला दिसणार नाही, हे पट्ट्या मांडतानाही त्यांना माहीत होतं.

आता मास्तर रोज सकाळी स्वयंपाकघरात येऊन हात पुढे करतात. "खिडकीशी बसतेस का?"

"उद्या जाऊ," ती म्हणते.