डॉक्टर जे बोललेच नव्हते

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. भावाला नाही, मित्राला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर मुळीच नाही.

माझी बायको कुमुद जरीपटक्याच्या एका शाळेत शिकवायची. लहानपणीच्या तापानं तिच्या हृदयाची एक झडप आखडली होती. पस्तिशीत दम लागायला लागला, शाळा सुटली. मग तिची वेणी घालण्यापासून दूध तापवण्यापर्यंत सगळं मी केलं. सीताबर्डीच्या गर्दीत ती माझा खांदा धरून चालायची. त्याआधी मी नुसता 'कुमुदबाईंचे मिस्टर' होतो. आता लोक म्हणायचे, नवरा असावा तर असा. मला ते आवडायचं — किती आवडायचं, हे तेव्हा कळलं नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. छाती न उघडता झडप मोकळी करायची सोय नुकतीच आली होती. मांडीच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत न्यायची आणि तिच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवायचा. बाहेर बाकावर बसून मी देवाला काय काय कबूल केलं! आणि ते साधलं. कित्येक महिने उशांना टेकून झोपणारी कुमुद त्या रात्री सपाट आडवी झोपली.

घरी सोडताना डॉक्टरांनी मला एकट्याला खोलीत बोलावलं. म्हणाले, "थोडे दिवस जपा. मग जिने चढू द्या, शाळेत जाऊ द्या. अडवू नका."

बाहेर कुमुद थांबली होती. काय म्हणाले, तिनं विचारलं. आणि मी — मी म्हणालो, जिना नाही, शाळा नाही, आता जन्मभर जपायचं.

का? तिच्या जिवाची भीती वाटली, असं मी स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. तिला माझा खांदा लागेनासा होईल, याची भीती होती.

ती "बरं" म्हणाली. पुढे तपासणीला गेलो की डॉक्टरांशी मीच बोलायचो. घरी ती शेजारच्या पोरींना जमवून पाढे म्हणवून घ्यायची. मी दारातून बघायचो.

मग एकदा ती बहिणीकडे रामटेकला गेली. परतली ती दारातच रडायला लागली.

"मले माफ करा जी. डॉक्टर नाही म्हणाले होते, तरी मी गड चढली. पायऱ्या पायऱ्यांनी. मले काहीच नाही झालं."

तेव्हा सांगता आलं असतं. आलं असतं ना?

मी म्हणालो, "जाऊ दे वं. काहून रडून राहिली? माफ केलं तुले."

मी तिला माफ केलं.

पुढच्या जूनमध्ये ती पुन्हा शाळेत लागली, निवृत्तीपर्यंत शिकवत राहिली. आम्ही सुखात आहोत, खरंच. संध्याकाळी फिरायला निघालो की ती पुढे असते, मी मागे. कुणी भेटलं की ती अजून गडाची गोष्ट सांगते — डॉक्टरांचा हुकूम मोडला, पण हे एका शब्दानं रागावले नाहीत. लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी मान हलवतो.