कोपऱ्याची जागा

रेल्वे रुळांपलीकडची भातशेतं मोडून तिथं नवी वस्ती करायचं ठरलं, तेव्हा तिचा नकाशा आमच्या घरात तयार झाला. आमचे हे नगरपालिकेत नकाशे काढायचे. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. घरबांधणी सोसायटीनं हे काम ह्यांच्याकडं दिलं आणि हे रविवारी ओसरीवर कागद पसरून बसायचे. वाऱ्यानं कागद उडू नये म्हणून मी चारी टोकांना तांबे ठेवायची आणि तिथंच वाकून बघत उभी राहायची. रस्ते पिवळे, बाग हिरवी, आणि मधे रिकामे चौकोन.

त्यातला एक चौकोन मी मनात माझा करून टाकला. कोपऱ्याचा. दोन बाजूंनी रस्ता, मागं आंबा. आम्ही बेळगावात जुन्या बोळात भाड्यानं दोन खोल्यांत राहत होतो. समोरच्या घरातलं भांडं पडलं तरी आमच्या घरात आवाज व्हायचा. म्हणून मी त्या चौकोनात विहीर पाडली, तुळस लावली, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी काढली. हे सगळं मनातच. ह्यांना म्हटलं, "आपलं नाव घाला की."

"नको. नकाशा काढणाऱ्यानंच कोपरा लाटला म्हणतील."

"कोपरा न्हाय तर दुसरा घ्या."

"एक सुद्धा नको. काम संपू दे, मग बघू."

जागा वाटायच्या चिठ्ठ्या निघाल्या त्या दिवशी माझी धाकटी बहीण धावत आली. तिचे यजमान वकील. "आक्का, आमाला कोपऱ्याचा लागला!" म्हणून तिनं माझे दोन्ही हात धरले. तिला सहावा महिना चालू होता, कडेवर दोन वर्षांची लेक. मी तिच्या हातावर साखर ठेवली. ती गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि चूल पेटवायचंही मला सुचेना.

लहानपणापासून तिला सगळं न मागता मिळत आलं होतं. उजळ रंग, वकील नवरा, पहिल्याच खेपेला सुखरूप बाळंतपण. माझी दोन गेली होती. ते मी देवाकडं सोडून दिलं होतं. पण तो चौकोन मी रोज डोळ्यांनी पुसून ठेवलेला. तो तिला मिळाला, ते मला सोसेना.

पुढच्या आठवड्यात ती घराचा आराखडा घेऊन आली. तुळस कुठं लावू, असं मला विचारायला लागली. माझ्या तोंडून निघून गेलं, "तू तिथं राहणार व्हय? आई काय सांगायची ते तुला ठाऊक न्हाय?"

"काय गं?"

"प्लेगाच्या साथीत गाव बाहेर पडलं होतं न्हवं? झोपड्या घालून लोक राहिलते. तवा गेलेली तान्ही पोरं त्या आंब्याखाली पुरलीती. आईनं मला दाखवलंतं ते झाड."

आई जाऊन चार वर्षं झाली होती. तिला विचारायला कोण जाणार? धाकटीनं पोटावर हात ठेवला आणि आराखड्याची घडी केली. मला तिची दया आली नाही. त्या दिवशी मला भूक लई लागली आणि मी पोटभर जेवले, हे अजून आठवतं.

वकिलांनी तिला समजावून बघितलं म्हणे. पण पोटुशीच्या मनाविरुद्ध जाणार कोण? त्यांनी जागा सोडली.

दोन दिवसांनी हे कचेरीतून आले ते हसतच. टोपीसुद्धा काढली नाही. "अगं, कोपरा परत आला. बाकीच्यांना आपापल्या जागा मिळाल्यात. सोसायटीचे अध्यक्ष स्वतः म्हणाले, आता तुम्ही घ्या, कोणी बोट दाखवणार न्हाय. घेऊया?"

लग्नाला वीस वर्षं झाली होती. ह्यांनी काही मागितल्यासारखं मला विचारलं ते पहिल्यांदाच. आणि मला 'व्हय' म्हणता येईना. आम्ही ती जागा घेतली तर धाकटीला कळायला कितीसा वेळ?

"नको," मी म्हटलं.

"नको? तूच तर जीव टाकत होतीस."

"तिथं प्लेगातली पोरं पुरलीयात."

हे चमकले. "मी ती जमीन साखळी घालून मोजलीया. झोपड्या रुळांच्या अलीकडं होत्या. तिथं भाताशिवाय काय न्हवतं. तुला कुणी सांगितलं?"

"आईनं."

"तुझी आई साथीत खानापूरला, तिच्या माहेरी होती. तूच सांगितलंस मला." मग हे थांबले. टोपी काढून खुंटीला लावली. "वकिलांनी जागा सोडली ती ह्यामुळं?"

मी ह्यांच्यासाठी पाणी आणायला वळले.

"उद्या मी नको म्हणून सांगून येतो. तू तिच्याकडं जा."

खोटं उघडं पडल्यावर मात्र मलाच ती जागा सोडवेना. "आता सोडलीया न्हवं त्यांनी? आपण घेतली म्हणून त्यांचं काय जातंय?"

"त्या घरात बसून तुला जेवण जाईल?"

जाईल, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं. पण ह्यांच्या तोंडाकडं बघून तसं म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी गेले. धाकटी सुपात तांदूळ निवडत बसली होती. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही. खडे वेचून तिनं बाजूला ठेवले आणि मग म्हणाली, "जागा पायजे होती तर मागायची होतीस. आईच्या तोंडी कशाला घातलंस? आणि लेकरांचं नाव कशाला काढलंस, आक्का?"

मी निघाले तशी तिनं हाक मारून कुंकू लावलं.

त्यांनी जागा परत घेतली. नवऱ्याला तिनं सांगितलं, की गावातल्या एका म्हाताऱ्या बाईनं शंका फेडली. माझं नाव तिनं कधीच काढलं नाही. घर तर तिला मिळालंच, वर मोठेपणाही तिलाच मिळाला, आणि तो तर माझ्या मनाला घरापेक्षा जास्त लागला.

वास्तुशांतीला तिनं थोरली बहीण म्हणून मला पहिला मान दिला. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर लाल मंगळुरी कौलं, बाळंतपणातून उठलेली ती, मांडीवर मुलगा. सगळे कौतुक करत होते, मीही केलं. स्वयंपाकघरात धूर कोंडत होता, तेवढं एक मला बरं वाटलं.

लढाई संपल्यावर आम्हालाही जागा मिळाली. शेवटची ओळ, नाल्याच्या काठाला. हे तेव्हा निवृत्तीला आले होते. दोनच खोल्या बांधल्या, त्याही डासांनी भरलेल्या. धाकटी मुलांना घेऊन बघायला आली. भिंतींना अजून गिलावा नव्हता. फरशी नव्हती तिथंच ती पदर सावरून बसली आणि म्हणाली, "वारा लई छान येतोय गं, आक्का."

मी तिच्या तोंडाकडं निरखून बघितलं. टोमणा असता तर मला बोलायला जागा झाली असती. तो नव्हता. मी चहा टाकायला आत गेले.