पाकिटांची खळ

आमच्या घरी औषधाची पाकिटे होतात. इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीवर सुट्या गोळ्या मोजून ज्यात घालून देतात, ती छोटी कागदी पाकिटे. बाबा कागद कापत, आई दुमडून चिकटवी, आणि दादा गठ्ठे स्कूटरवर लादून पोचवून येई. बनारसला राजा घाटाच्या वरच्या गल्लीत आमचे घर आहे. तळाच्या खोलीत कापायचे यंत्र आणि बाकी सगळे काम स्वयंपाकघराला लागून असलेल्या पडवीत. पूर्वी बरीच इस्पितळे आमच्याकडून माल घेत. एकेक करून ती प्लॅस्टिकच्या पिशव्यांकडे वळली. बाबा गेले तेव्हा एकच उरले होते.

पाकिटावर रुग्णाच्या नावासाठी रेघ असते. तिच्याखाली उगवता सूर्य, माथ्यावरचा सूर्य आणि चंद्रकोर, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही गोळी केव्हा घ्यायची ते कळावे. सर्वांत खाली हिंदीत दोन चौकटी: ‘खाली पेट’ आणि ‘खाने के बाद’. मी नुकती वाचायला शिकले होते तेव्हा ‘खाली पेट’ म्हणजे गोळी पोटाच्या खालच्या बाजूला बांधायची, असे मी आईला समजावून सांगितले होते. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी असली की असे होते. बाबांनी हा किस्सा माझ्या लग्नातही सांगितला. माझ्या सासूबाई आजही गोळी हातात घेतल्यावर मला विचारतात, “वर की खाली?”

बाबांचा एकच हट्ट असे. खळ घरची हवी. मैद्याची, रोज सकाळी ताजी शिजवलेली. बाजारच्या डिंकाचा वास गोळ्यांना लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. बाइंडिंगवाले खळ टिकावी आणि तिला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात, पण ते विष औषधाच्या पाकिटाला कसे चालेल? तेव्हा खळ रोज करायची आणि उरलेली रोज टाकायची. आई चहाचे भांडे उतरवी आणि त्याच शेगडीवर खळीचे पातेले चढवी. लहानपणी मला तो स्वयंपाकातलाच एक पदार्थ वाटे, बिनमिठाचा.

बाबा थंडीत गेले, झोपेत. मी नागपूरहून आले तोवर त्यांना घाटावर न्यायची तयारी झाली होती. त्यानंतरचे दोन दिवस मी आईच्या शेजारी चटईवर बसून काढले. तिचा हात माझ्या गुडघ्यावर असायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळाच्या औषध विभागातल्या साहेबांचा फोन आला. दादाने तो सर्वांना ऐकू येईल असा लावला.

“बाबूजी हमारे बड़े थे,” ते म्हणाले. मग, “आप लोग अभी कुछ मत सोचिए। बस बता दूँ, सोमवार के बाद का स्टॉक मेरे पास नहीं है। और प्लास्टिक वाला रोज़ आके बैठता है। एक बार उसका हो गया, तो फिर बात मेरे हाथ की नहीं रहेगी।”

त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती. होते ते त्यांनी सांगितले. पण हे इस्पितळ गेले की घरात कामच उरणार नव्हते, आणि ते काम आईचे होते. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने दुसरे काही केले नव्हते.

दादा म्हणाला, “आई, कागद कापलेला आहे, छापलेला आहे. तू आणि मी बसलो तर होऊन जाईल. कोणाला पता लागणार आहे?”

“मला आहे ना पता,” आई म्हणाली. “सुतकात आपण कोणाला या घरचं शिजलेलं देत नाही. आणि आजारी माणसाच्या हातात ही खळ द्यायची?”

“मग डिंकाची बाटली आणू?”

आईने त्याच्याकडे नुसते पाहिले.

मी कॉलेजात संस्कृत शिकवते. सुतक, शौच, अशौच यांवर मुले वर्गात वाद घालतात आणि मी तो घालू देते. त्या दुपारी मला वाद घालावासा वाटला नाही. बाबांचा डिंकाला नकार आणि आईचे सुतक, दोन्हींच्या मागे एकच गोष्ट होती. आजारी माणसाकडे आपल्या घरातून काय जाते, हे त्यांना महत्त्वाचे वाटे.

बाबांचे चुलतभाऊ, आमचे काका, भिंतीला टेकून बसले होते. त्यांचे सगळे आयुष्य वेदपाठात गेलेले. ते म्हणाले, “आधी खळ हे अन्न आहे का, ते ठरवू. खाता येते? येते. चव आहे? नाही. पण बिनचवीचं पुष्कळ अन्न मी याच घरात जेवलोय.”

“भावोजी,” आई म्हणाली. त्या तीन दिवसांत तिचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झाला.

“शिजवलेलं आहे, तेव्हा अन्नच धरू,” काका म्हणाले. “कागदाचं काही नाही, कोरड्याला सुतक नसतं. राहिला हात कोणाचा हा प्रश्न.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. “लेक मोकळी होते की. लग्न झालेल्या मुलीला तीनच रात्री. उद्या सकाळी स्नान केलं की हिचं सुटलं.”

हा नियम मी वर्गात फळ्यावर लिहिला आहे, आणि लिहून पुढच्या मुद्द्याकडे गेले आहे. काकांनी तो सोय म्हणून सांगितला. मला मात्र काही वेळ दुसरे काही ऐकू आले नाही. दादाला दहा दिवस आणि मला तीन. बाबा तर दोघांचे सारखेच.

“पण मग तिला इथे राहता येणार नाही,” आई म्हणाली.

“इथलं जेवायचं नाही, तुम्हाला शिवायचं नाही. समोरच्या घरी चाचीकडे राहील,” काका म्हणाले.

“मला नाही जायचं,” मी म्हणाले. “मी इथेच बसते. जाऊ दे ते इस्पितळ.”

आईने माझ्या गुडघ्यावरचा हात उचलला नाही. “बाबांच्या पाकिटांसाठी जा असं मी म्हणत नाही,” ती म्हणाली. “माझ्यासाठी जा. ते दहा दिवसांनी येतील का परत मागायला? मग मी सकाळी उठून काय करू?” आणि थोड्या वेळाने, “रडायचं तर तिकडेही येईल रडता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर स्नान केले आणि आमच्या दाराऐवजी समोरच्या दारात शिरले. चाची बनारसी, माझ्या जन्माच्या आधीपासूनची शेजारीण. तिने पातेले दिले, शेगडी दिली आणि पाहत उभी राहिली.

“न नमक, न चीनी। खाएगा कौन?”

“कागज़, चाची।”

“कागज़ का भाग्य देखो।”

पहिल्या खेपेला गुठळ्या झाल्या. मी खळ कधी केलीच नव्हती. लहानपणी मी आमच्या घरात पुस्तक घेऊन बसत असे आणि मला कोणी उठवत नसे. आमची गल्ली एवढी अरुंद, की समोरासमोरच्या दारांतून बोलायला आवाज चढवावा लागत नाही. आई आपल्या उंबऱ्याच्या आत येऊन उभी राहिली.

“आधी थंड पाण्यात कालव. गुठळी राहिली तर पाकीट फुगतं, गोळी आत अडकते.”

“उतरवायची केव्हा?”

“पळी उलटी केल्यावर ओघळायला वेळ लावेल, तेव्हा.”

पुढचे दिवस असेच गेले. दादा छापलेल्या कागदांचे गठ्ठे आमच्या पायरीवर ठेवी आणि मागे सरे, मग मी ते उचली. दोन दारांच्या मध्ये लोकांची ये-जा चालू असायची, कधी गाय यायची, कधी घाटाकडे जाणारी यात्रेकरूंची रांग. त्यांच्या पलीकडे आई दिसे. ती माझी बोटे पाहत असावी. “कडेला कमी लाव,” एवढेच एकदा म्हणाली. चाची शेजारी बसून दुमडायला शिकली आणि माझ्यापेक्षा लवकर शिकली. कधी कधी काम करता करता डोळे भरून येत. हात खळीने भरलेले असल्यामुळे ते दंडाला पुसावे लागत.

सोमवारी ई-रिक्षात गठ्ठे घालून मीच इस्पितळात गेले. साहेबांनी एक पाकीट उचलले, तोंड फुंकून उघडले, आत एक गोळी टाकली आणि उलटे केले. गोळी सरळ हातात पडली.

“आपने बनाया?”

“मैंने। माँ ने बताया।”

“ये हफ़्ता तो निकल जाएगा,” ते म्हणाले. “आगे का? बाबूजी नहीं रहे, आप भी लौट जाएँगी। बड़े साहब मुझसे पूछेंगे।”

आई स्वतः फोन करेल, एवढे सांगून मी निघाले. घरी येऊन मी ते शब्द गल्लीपलीकडून जसेच्या तसे आईला सांगितले. ती आत गेली.

दहाव्याचे विधी घाटावर झाले. दादा आणि काका भटजींपाशी होते. आई स्नान करून ओल्या पायऱ्यांवरून वर आली आणि सरळ माझ्याकडे आली. तिने माझे मनगट धरले. मग तिने माझा हात उलटा करून पाहिला. बोटांच्या पेरांत वाळलेली खळ अडकली होती. ती तिने अंगठ्याच्या नखाने खरवडली.

“घट्ट करत होतीस,” ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने दादाकडून फोन मागून घेतला. एरवी ती इस्पितळाच्या फोनला हात लावत नसे. ते बाबांचे, नाहीतर दादाचे काम.

“हाँ, नमस्ते। नहीं, बेटा नहीं, हम बोल रहे हैं। माल हम ही बनाते हैं, पहले भी हम ही बनाते थे। अगले सोमवार आएगा।” पलीकडून काहीतरी विचारले गेले. “हर सोमवार,” आई म्हणाली आणि फोन दादाच्या हातात दिला.

मग ती स्वयंपाकघरात गेली, मैद्याचा डबा उघडून आत किती उरला आहे ते पाहिले, आणि तिथूनच मला विचारले, “चाचीचं पातेलं घासून परत केलंस ना?”