दुपारच्या गावातली चौकशी

आमच्या भावकीत कुठे सोयरीक ठरायची असली की पहिला निरोप मला यायचा. मी काही मोठा माणूस नाही. डाळ मिलसाठी तूर खरेदी करत उदगीरपासून गुलबर्ग्यापर्यंत गावोगाव फिरणारा. पण फिरतीमुळे मी कुठल्याही गावात दिसलो तरी कुणाला नवल वाटत नसे, आणि चौकशीला असाच माणूस लागतो. ज्या घराची चौकशी करायची त्या घराच्या दारात जायचं नाही, हा पहिला नियम. पिठाच्या गिरणीवर बसायचं, न्हाव्याकडे दाढी करून घ्यायची, हॉटेलात दोनदा चहा प्यायचा. तूर बघायला आलोय म्हणायचं आणि मग हळूच विचारायचं, अमक्याचा पोरगा कसा आहे, पितो का, घरात भांडणं आहेत का. आमच्या सीमेवरची माणसं दोन-तीन भाषा बोलतात. घरात कन्नड बोलणाऱ्याला मराठीत विचारलं तर तो सगळं चांगलंच सांगतो, आणि कन्नडमध्ये विचारलं की खरं सांगतो. घरात मराठी बोलणाऱ्याचं याच्या उलट. ही युक्ती मी स्वतः शोधून काढली होती आणि तिचा मला भलताच गर्व होता.

माझी धाकटी बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. चौदाव्या वर्षी तिच्या डाव्या पापणीवर पांढरा डाग उठला. मग ओठाच्या कोपऱ्यावर, मग हनुवटीवर. औषधं झाली, पथ्यं झाली, गाणगापूरला खेटे घालून झाले. कोड हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. पाहुणे यायचे तेव्हा आई तिला पावडर लावून पुढे आणायची. पाहुण्यांना मुलगी आवडायची, तिने शिवलेल्या वस्तू आवडायच्या. आणि आठ दिवसांनी त्यांचा कोणीतरी माणूस आमच्या गावात, कोहिनूरमध्ये, येऊन गिरणीवर बसायचा. गावातलं कुणी खोटं बोललं नाही. चार वेळा असं झालं, मग आमच्या वडिलांनी तो विषयच बंद केला. मला त्या गिरणीवर बसणाऱ्या माणसांचा फार राग यायचा. त्याच वर्षांत मी दुसऱ्यांच्या गावात जाऊन तेच करत होतो, आणि त्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकत्र आल्या नाहीत.

आता ती पंचेचाळीस वर्षांची आहे. आमच्याकडेच राहते, ब्लाउज शिवते, लहान मुलांच्या कुंच्या शिवते, आणि तिच्या हाताची कुंची म्हणजे बाळाला दृष्ट लागावी अशी. गेल्या वर्षी गुलबर्ग्याला कॉलेजात शिकणारी एक मुलगी लग्नाचे ब्लाउज शिवायला आली आणि जाताना हिच्या मोबाइलमध्ये एक जग घालून गेली. त्यात आपली एक बाहुली असते. बाहुलीला आपण चेहरा द्यायचा, कपडे घालायचे आणि मग ती तिथल्या रस्त्यांवर फिरते, दुसऱ्यांच्या बाहुल्यांना भेटते, घर बांधते. त्या दुसऱ्या बाहुल्यांमागे खरी माणसं असतात, कुठली ते कळत नाही. बहिणीने तिथे शिंप्याचं दुकान काढलं. दुपारी जेवणं झाली आणि वीज गेली की मशीन बंद. मग ती ओसरीवर मोबाइल घेऊन बसायची आणि तिथल्या बाहुल्यांसाठी झगे, परकर, कुंच्या काढत राहायची. माझी बायको त्याला दुपारचं गाव म्हणायची. "गेल्या तुमच्या बाईसाब दुपारच्या गावाला," असं ती मला आतून ओरडून सांगायची.

थट्टा ठीक होती. पण एके दिवशी बहीण मोबाइलकडे बघून मोठ्याने हसली. तोंडावर पदर न घेता. असं हसताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला आनंदाच्या आधी भीती वाटली.

"कुणासंग बोलायलीस?" मी विचारलं.

"मैतरीण हाय. शेजारी तिचं झाडांचं दुकान हाय."

"कुठली हाय?"

"ठाव न्हाई."

"इचारली न्हाईस?"

"न्हाई."

"कामून?"

"तिनं बी मला इचारलं न्हाई की."

हे उत्तर माझ्या घशाखाली उतरेना. गाव न विचारता मैत्री? पेपरात रोज येतं, कुणी महिनोन्‌महिने गोड बोलतो, विश्वास बसला की फोटो मागतो, मग धमक्या देतो. मैत्रीण म्हणजे बाईच कशावरून? मी तिला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अण्णा, तू बी ये की. माझं दुकान बघ. हिरवं दार हाय, पायरीवर तुळस लावलीय. मैतरणीला बी भेटवते." मी म्हणालो, "मला दुसरं काम न्हाई काय?"

खरं तर मला जायचं होतं. कसं असतं ते बघायची उत्सुकता होतीच, पण बहिणीचं बोट धरून जायची लाज वाटत होती. आणि तिच्यासोबत गेलो तर जे दाखवतील तेच दिसणार, हा माझा जुना अनुभव. म्हणून गुलबर्ग्याला तुरीच्या कामाला गेलो तेव्हा दुपारी अडत दुकानात पोत्याला टेकून बसलो आणि स्वतःच ते जग मोबाइलमध्ये घेतलं.

त्याने पहिल्यांदा विचारलं, चेहरा कोणता हवा? चोपन्न वर्षं एकच चेहरा वापरलेल्या माणसाला हा प्रश्न अवघड जातो. मी केस दाट केले, पोट काढून टाकलं, आणि आयुष्यात कधी ठेवली नव्हती अशी जाड मिशी लावली. एक खोटं नाव घेतलं, आपण लातूरचे कापड व्यापारी आहोत असं ठरवलं आणि आत शिरलो. शिरलो तो सरळ एका कारंज्यात. बाहेर निघता येईना, तोंड भिंतीकडे आणि पाय चालूच. उंच टोपी घातलेल्या एका मुलीने, अंगठा कुठे ठेवायचा ते लिहून सांगितलं. मग जमलं. जमल्यावर मी पळालो. गुडघ्यांनी तक्रार सुरू केल्यापासून मी पळालो नव्हतो. रस्त्याच्या टोकापर्यंत पळत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. फार मजा आली.

मग मला माझं काम आठवलं आणि मी हिरवं दार शोधत निघालो. ते सापडलं. पायरीवर तुळस होती. आत कापडांच्या ताग्यांमागे एक बाई उभी होती, आणि तिच्या डाव्या पापणीवर पांढरा डाग होता. ओठाच्या कोपऱ्यावर होता. हनुवटीवर होता, तोही अगदी त्याच आकाराचा. तिने तिथे निर्मळ चेहरा घेतला असणार, त्यासाठीच तर ती जात असणार, असं मी मनात पक्कं धरून चाललो होतो. हवा तो चेहरा मिळत असताना ती आपलाच घेऊन गेली होती. माझ्या मिशीची मला लाज वाटली. तिथेच दारातून आत जाऊन 'मी आलोय गं' म्हणायला हवं होतं. पण चौकशीचा माणूस दारात जात नाही, आणि सवय माणसाच्या पायात असते.

मी शेजारच्या झाडांच्या दुकानात गेलो. निळ्या साडीतली बाहुली होती. तुमचं गाव कोणतं, आडनाव काय, घरी कोण कोण, असं लिहून विचारलं. तिथे सगळं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, त्यामुळे समोरचा माणूस उदगीरचा की सोलापूरचा, हे कानाने ओळखायची सोय नव्हती. तिने लिहिलं, इथे कुणी असं विचारत नाही. मग मी टोपीवाल्या मुलीला गाठलं. अस्वलाचं रूप घेतलेला एक जण बाकावर बसला होता, त्यालाही विचारलं. ती शिवणारी बाई कुठली, कशी आहे, लग्न झालंय का, तिच्याकडे कोण येतं-जातं. अस्वल म्हणालं, बाई चांगली आहे, तुम्ही कोण? शेवटी मी पुन्हा झाडांच्या दुकानात गेलो आणि विचारलं, त्या बाईच्या चेहऱ्यावर ते पांढरं काय आहे, तुम्हाला माहीत आहे का, खरं आहे का ते? बहिणीने तिथे काय सांगितलंय ते मला काढून घ्यायचं होतं. झाडवालीने एका ओळीत उत्तर दिलं आणि ती निघून गेली. मी मोबाइल बंद केला, चहा मागवला. माझ्या मते चौकशी बरी निघाली होती. मैत्रीण बोलण्यात जपून होती, तिने काही मागितलं नव्हतं. ती कोण आहे हे मात्र मला कळलं नाही आणि आजही माहीत नाही. पेपरातल्या बातम्या खोट्या नसतात, ही धास्तीही अजून गेलेली नाही.

चौथ्या दिवशी मी घरी आलो. दुपारी वीज गेली, पण बहिणीचा मोबाइल कोनाड्यातच होता. ती मशीनपाशी नुसती बसून जुन्या ब्लाउजची शिलाई उसवत होती.

"आज दुपारच्या गावाला न्हाई गेलीस?" मी विचारलं.

"दुकान बंद केलं."

"कामून?"

"एक माणूस आला होता, अण्णा. मिशीवाला. लातूरचा म्हणं. माझी चौकशी करून गेला." तिने हातातलं खाली ठेवलं. "मला येऊन एक शब्द बोलला न्हाई. आजूबाजूला इचारत फिरला. कुठली हाय, लगीन झालंय का, तोंडावर काय हाय. टोपीवालीनं सांगितलं. मैतरणीला बी इचारला म्हणं. ती काय म्हणली कोणाला ठाव. मला इचारायचा धीर होईना."

मी नकळत वरच्या ओठावरून हात फिरवला.

"तिथं तरी कोणी गिरणीवर येऊन बसणार न्हाई असं वाटलं होतं," ती म्हणाली. "तू ह्यातला जाणता हाईस. कोण हाय तो, हुडकून काढ. मला भ्या वाटायलंय."

बघतो, एवढं म्हणून सुटता आलं असतं. दोन दिवसांनी येऊन सांगायचं, कुणीतरी रिकामटेकडा होता, गेला. तिने विश्वास ठेवला असता. तिने माझ्यावर नेहमीच विश्वास ठेवला, आणि तेच मला सहन होईना.

"तो मी होतो," मी म्हणालो.

आत भांड्यांचा आवाज थांबला. बहीण माझ्याकडे बघत राहिली. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या चेहऱ्यावर मिशी कुठे बसत असेल, हे बघत असल्यासारखी ती बघत होती.

"तुला तर मी बोलावलं होतं," ती म्हणाली.

"व्हय."

"दारातून यायचं होतं की रे."

"चुकलं माझं, बाई."

तिने शिलाई उसवायला परत घेतली. मग मान खाली ठेवूनच तिने विचारलं, "मैतरीण काय म्हणली?"

इतक्या वर्षांत ज्या मुला-मुलींची चौकशी केली त्यांना कधी मी निरोप दिलेला नव्हता. जे कळायचं ते मला पाठवणाऱ्यांना सांगायचो. या वेळी मला कुणी पाठवलं नव्हतं, आणि हिच्याइतका त्या उत्तरावर दुसऱ्या कुणाचा हक्क नव्हता. मी शब्दन्‌शब्द सांगितलं.

"म्हणली, तो त्यांचा चेहरा आहे. तुमचा कुठला आहे?"

ती ते ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलं नाही. उठली, कोनाड्यातला मोबाइल घेतला आणि तो हातात धरून उभी राहिली.

"उद्या दुकान उघडते," ती म्हणाली. "तू येऊ नको."

"न्हाई येत," मी म्हणालो. किती दिवस, ते मी विचारलं नाही.