सर्व्हर कोणी बंद केला?

सपोर्टच्या नोकरीत किस्से शोधायला जावं लागत नाही. डबा उघडला की फोन वाजतो! अंधेरीत आमचं छोटंसं ऑफिस: मालक तावडे सर, मी आणि शैलेश. क्लासेस, वकील, सोसायट्या यांना आम्ही नोंदींचं सॉफ्टवेअर विकतो. ते ब्राउझरमध्ये चालतं, म्हणून गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर आधी वेब सर्व्हर टाकावा लागतो. तो पहिल्या फटक्यात सुरू होत नाही. आणि सुरू झाला नाही की प्रत्येकाला कोणाचा तरी संशय येतो.

*

घाटकोपरचे एक वकीलकाका. जागेचे खटले लढवण्यात आयुष्य गेलेलं. सर्व्हर सुरूच होईना.

मी फोनवर म्हटलं, "काका, ऐंशी नंबरचा पोर्ट दुसऱ्याने घेतलाय. पोर्ट म्हणजे सर्व्हरची बसायची जागा समजा. तिथे आधीच दुसरं सॉफ्टवेअर बसलंय."

काकांचा आवाज एकदम खाली आला. "कधीपासून?"

"मशीन चालू केल्यापासून असेल."

"माझ्या परवानगीशिवाय?"

"हो. मी काढून टाकते त्याला."

"अजिबात हात लावू नका! जबरदस्तीने काढलंत तर तो कोर्टातून स्टे आणेल!"

*

बोरीवलीच्या एक काकू शिवणकामाचे क्लास घेतात. सर्व्हर त्यांच्या कॉम्प्युटरवर झकास चालायचा, पण बाजूच्या खोलीतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर काही उघडायचं नाही. शैलेशने तीनदा काढून, दर वेळी वेगळ्या फोल्डरमध्ये परत टाकला. काही उपयोग नाही. शेवटी मी व्हिडिओ कॉल लावून नव्याने टाकायला बसले. सर्व्हर सुरू होताना ‘याला परवानगी द्यायची का?’ असा फायरवॉलचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या रखवालदाराचा, चौकोन आला, आणि मी तोंड उघडायच्या आत काकूंनी ब्लॉक दाबलं!

"काकू, तो आपलाच होता!"

"मला काय माहीत? अनोळखी दिसला की ब्लॉक करते मी. हा मेला पाचव्यांदा आलाय!"

*

मुलुंडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, निवृत्त ऑडिटर. तिथे सर्व्हर चक्क पहिल्याच वेळी सुरू झाला. ब्राउझरमध्ये पान आलं, ‘इट वर्क्स!’ मी खूश. ते चष्मा पुसून बघतायत.

"हे कोणी लिहिलं?"

"सर्व्हरनेच. म्हणजे सगळं ठीक आहे."

"बाई, आयुष्यभर ऑडिट केलं मी. ‘सगळं ठीक आहे’ असं जो स्वतःहून म्हणाला ना, त्याचंच कपाट मी आधी उघडलं!"

*

हसते मी लोकांना, पण मी तरी कुठे वेगळी? एकदा सेटिंगची फाइल सेव्ह केली आणि सर्व्हर बंद पडला. सगळ्या ओळी बरोबर दिसत होत्या. दोन तास गेले. शैलेशला तीनदा विचारलं, "तू हात लावलास का रे?" तो तीनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा तर मला तो जास्तच शांत वाटला!

मग सापडलं. एका ओळीतली अवतरणचिन्हं सरळ हवीत, ती वाकडी होती. ती ओळ मोबाइलवर टाइप करून कोणी पाठवली होती? मी! शैलेशला माझ्या पैशाने वडापाव. तो खाण्याआधी त्याने उघडून बघितला.

*

आणि हा तावडे सरांचा.

शैलेशने राजीनामा दिला. वांद्र्याला चांगली नोकरी लागली होती. त्याच आठवड्यात आमचा ऑफिसचा सर्व्हर, ज्यावर काही गिऱ्हाइकांचं काम चालतं, दोनदा बंद पडला. सरांची खात्रीच पटली, हे शैलेशचंच काम. त्यांनी शैलेशचं लॉगिन काढून घेतलं, त्याला कॉम्प्युटरवरून उठवून बाहेरच्या सोफ्यावर बसवलं आणि बजावलं, "चौकशी होईपर्यंत रिलीव्हिंग लेटर मिळणार नाही." त्या लेटरशिवाय पुढची नोकरी त्याला घेणार नव्हती. बिचारा रोज येऊन सोफ्यावर पेपर वाचायचा. माझ्याशीही धड बोलेना.

मग सरांनी सर्टिफिकेटच्या चावीला, म्हणजे जिच्याशिवाय सर्व्हर सुरूच होत नाही त्या फाइलला, पासवर्ड लावला. आता सर्व्हर सुरू करताना तो पासवर्ड विचारणार, आणि तो फक्त सरांना ठाऊक. "बघू आता कोण काय करतो ते!" असं सोफ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.

सोमवारी दुपारी बिल्डिंगची लाइट गेली. आली तेव्हा सर्व्हरने पासवर्ड विचारला. सरांनी टाकला. चूक. परत टाकला. चूक. गिऱ्हाइकांचे फोन खणखणायला लागले.

"सर, चावीची बिनपासवर्डची जुनी कॉपी?"

"पुसली. त्याच्या हाती लागू नये म्हणून."

रागात लावलेला पासवर्ड नेमका काय होता, तेच सरांना आठवेना. कॅपिटल करून बघितलं, स्मॉल करून बघितलं, मागे आकडे लावून बघितले. अर्धा तास झाला.

तेवढ्यात सोफ्यावरून, पेपर खाली न करता, शैलेश म्हणाला, "सर, ‘शैलेशचोर’ टाकून बघा. इंग्लिशमध्ये, पण चोरचं स्पेलिंग तुमच्या सवयीप्रमाणे दोन ओ लावून."

सरांनी टाइप केलं. सर्व्हर सुरू झाला.