हातमोजा माझा होता

हे आत्ताच सांगते, चाकण यायच्या आत. कंपनीची बस मोशीला अडकलीय आणि मी पटापट टाईप करतेय, स्पेलिंग बघू नका. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला पण नाही.

आमच्याकडे दर सोमवारी शिफ्टच्या आधी सगळे गोल उभे राहतात आणि एकेकाने सांगायचं — अपघात होता होता कसा राहिला, आपलं काय चुकलं. कोणी रागवत नाही. खरं सांगितलं की दुसऱ्या कोणाचा तरी हात वाचतो, एवढंच.

मागच्या वर्षी मी नवीन होते. ड्रिल मशीनवर हातमोजे घालायचे नसतात, फिरत्या ड्रिलमध्ये अडकतात. माहीत होतं मला. पण लोखंडाचा कीस बोटांना लागतो ना — घातले. आणि एक अडकला. शेजारच्या मशीनवरच्या रेखाताईने लाल बटण दाबलं, माझं मनगट घट्ट धरून ठेवलं. मला नुसतं खरचटलं.

मग सोमवार आला. माझी पाळी. आणि मी — कसं लिहू हे — सगळं जसंच्या तसं सांगितलं, फक्त माणसं बदलली. हातमोजा ताईचा, बटण दाबणारी मी. टाळ्या पडल्या. ताई शेजारीच उभी होती. का नाही बोलली ती?

डबा खाताना म्हणाली, "हिरोइन, सरक की जरा, आमाला बी बसू दे." मला रडूच आलं. तर म्हणे, "कशाला रडायलीस? तुझी नोकरी अजून कन्फर्म व्हायचीय. भाजी घे."

मी भाजी घेतली.

खरंच कोणी रागावलं नाही तिला. पण लाईन लीडर म्हणाले, ताईंना थोडे दिवस पॅकिंगला ठेवू. ते थोडे दिवस अजून चाललेत. परभणीहून आल्यावर दोन वर्षं मागे लागून ती ते मशीन शिकली होती. आता खोक्यांना टेप लावते. माझं मात्र कन्फर्म झालं, आणि तिनेच सगळ्यांना पेढे वाटले.

आज सोमवार. परत माझी पाळी आहे. आज माणसं बदलणार नाही. हातमोजा माझा होता, असंच सांगणार. तिला मशीन परत मिळेल का, माहीत नाही.

तुमच्याकडून झालंय का असं — दुसऱ्याच्या चांगुलपणावर आपलं नाव घालून सांगितलंय कधी?